वानचे पाणी कुणाचे?

बाळापूर तालुक्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ धड शिजत नाही, हंड्याच्या आत पांढरा थर धरतो. हेच खारे पाणी सोबत घेऊन तिथले विरोधी पक्षाचे आमदार नितीन देशमुख एप्रिल २०२३ मध्ये अकोल्याहून नागपूरला पायी निघाले. मागणी एकच होती: ६९ गावांना वान धरणातून पाणी देणाऱ्या योजनेवरची सरकारची स्थगिती उठवा. नागपूरच्या वेशीवर पोलिसांनी त्यांना अडवले.

आमदाराने हेच करायचे असते, असे आम्ही निःसंकोच म्हणतो. पण वानच्याच पाण्यावर ओलीत करणाऱ्या तेल्हारा तालुक्यातील शेतकऱ्याचेही ऐकले पाहिजे. एकेका योजनेसाठी वानचे पाणी राखून ठेवले, तर आमच्या ओलिताचे काय, हा त्याचा सवाल खोटा नाही. त्यालाही आमदार आहेच. दोघांना समोरासमोर बसवून हिशेब मांडणे हे सरकारचे काम. तिथेच ते कमी पडले.

सरकार कुणाचे ऐकते, हा प्रश्न इथलाच नाही. अमेरिकेतील कायदे धनिकांच्या व संघटित उद्योगगटांच्या कलाने होतात, सामान्यांचे मत जवळपास मोजलेच जात नाही, असे गिलेन्स आणि पेज या अभ्यासकांनी २०१४ मध्ये मांडले. आपल्याकडे मात्र आमदार कोणत्या बाकावर बसतो, यावर गावाचे पाणी अडते. आमदार विरोधी पक्षाचा असला, तरी तहान कुठल्या पक्षाची नसते. पिण्याचे पाणी आधी, हे राज्याचेच जलधोरण आहे. जलसंपदा विभागाने वानचा साठा, आरक्षण आणि ओलिताचे क्षेत्र यांचे आकडे दोन्ही तालुक्यांच्या ग्रामसभांपुढे ठेवावेत, तेही रब्बीच्या कालवा सल्लागार समितीच्या बैठकीआधी.