शिवराईची 'चूक' नेमकी कोणाची?

सक्करदऱ्यात आमच्या शेजारच्या गल्लीत राहणारा एम. ए.चा एक विद्यार्थी परवा घरी आला आणि त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पाकिटातली एक शिवराई काढून टेबलावर ठेवली. पाकिटात विक्रेत्याची चिठ्ठी होती : 'एरर कॉइन. अतिदुर्मिळ.' साध्या शिवराईच्या कितीतरी पट किंमत त्याने मोजली होती. चूक कोणती, असे विचारले तेव्हा त्याने दोन दाखवल्या. नाण्यावर 'शिव' ऐवजी 'सिव' आहे, आणि 'राजा' मधला 'रा' अर्धाच उमटला आहे. मराठीच्या विद्यार्थ्याला 'सिव' खटकावे हे मी समजू शकतो. त्या खटकण्याचे पैसे पडावेत, हे मात्र मला मान्य नाही. हा लेख त्या चिठ्ठीविरुद्ध आहे.

आधी 'रा'कडे पाहू. शिवराई हातोड्याने पाडलेले नाणे आहे. खालचा ठसा पक्का बसवलेला, त्यावर तांब्याची चकती, वरचा ठसा हातात धरलेला आणि त्यावर घाव. चकती बहुधा ठशापेक्षा लहान असे, त्यामुळे ठशावर कोरलेला सगळा मजकूर एका नाण्यावर मावणे हाच अपवाद. घाव बाजूला बसला की एका अंगाची अक्षरे चकतीबाहेर जात. टांकसाळीच्या लेखी ती चूक नव्हतीच. तांबे वजनात बरोबर असले की काम झाले. यंत्रावर, कडे लावून पाडलेल्या आजच्या नाण्यावर छाप सरकला तर ती चूक ठरते, कारण तिथे तो सरकू नये अशी व्यवस्था केलेली असते. तीच कसोटी शिवराईला लावणे म्हणजे ओवीत मात्रा मोजून ती वृत्तात बसत नाही असे म्हणण्यासारखे आहे.

आता 'सिव'. शिवराईच्या एका बाजूस 'श्री राजा शिव' आणि दुसरीस 'छत्रपति' हा मजकूर असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु शिवाजीमहाराजांच्या नंतरही दीर्घकाळ निरनिराळ्या ठिकाणी पाडल्या गेलेल्या या नाण्यांवर 'शिव', 'शीव', 'सिव', 'सीव' अशी चारही रूपे सापडतात. 'पति'चे 'पती' होते. यांतले शुद्ध कोणते? ज्या नियमांच्या आधारे आपण उत्तर देतो ते साहित्य महामंडळाचे नियम शासनाने 1962 साली स्वीकारले आणि 1972 साली त्यांत भर पडली. ज्या काळी दैनंदिन लेखन मोडीत चालत होते आणि मोडी ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नव्हती, त्या काळच्या ठसे कोरणाऱ्याने आमच्या नियमावलीतले गुण का गमवावेत? 'श' आणि 'स' यांची अदलाबदल तर जुन्या कागदपत्रांत पानोपानी भेटते. प्रमाण नसेल तिथे प्रमाद कसा असेल?

कोणी म्हणेल, उलटी कोरलेली, मोडलेली अक्षरेही सापडतात. तीही का चूक नव्हे? तो आक्षेप मला मान्य आहे. ठशावर मजकूर उलटा कोरावा लागतो, आणि निरक्षर कारागीर नमुना पाहून कोरत असेल तर अक्षर सुलटे कोरले जाऊन नाण्यावर उलटे उमटते. ही खरी चूक आहे, परंतु ती ठशाची. त्या ठशातून निघालेल्या प्रत्येक नाण्यावर ती असणार, मग 'अतिदुर्मिळ' कशी? आमच्या नागपूरकर भोसल्यांच्या रुपयांवर मोगल बादशहाच्या नावाचा फारसी मजकूर आहे. मराठी टांकसाळींतल्या अशा फारसी मजकुराची अक्षरे नकलेच्या नकलेत कशी झिजत गेली, हे पाहणे मला तरी 'एरर' शोधण्यापेक्षा अधिक रसाळ वाटते.

खऱ्या चुका असतात, हे सांगितलेच पाहिजे. पाडलेले नाणे ठशाला चिकटून राहिले आणि पुढच्या चकतीवर त्याचाच उलटा, खोलगट छाप उमटला, की ती निःसंशय टांकसाळीची चूक. स्वतंत्र भारताचे नाणे वरखाली न करता डावीकडून उजवीकडे उलटले की दोन्ही बाजू सरळ दिसतात; तशा न दिसल्या तर ठसा फिरलेला. याउलट 1911 चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, गहजब झाला, बहुतेक नाणी परत घेऊन वितळवली गेली आणि 1912 साली चित्र बदलले. बाजारात तोही 'एरर' म्हणून विकला जातो! टांकसाळीने जे पाडायचे ठरवले तेच पाडले होते; बिनसले ते चित्र काढणाऱ्याचे.

आणि वाशीम जिल्ह्यातले तऱ्हाळा. 1939 साली तिथे सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या वा. वि. मिराशी यांनी तो वाचला. त्या नाण्यांवरही लेख तुटक आहेत. एकावर आरंभ, दुसऱ्यावर शेवट. त्या वाचनातून कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी ही पुराणांच्या याद्यांत नसलेली नावे पुढे आली. यादीत नाही म्हणून 'कोरणाऱ्याची चूक' असा शेरा मारून मिराशींना मोकळे होता आले असते. आमच्या विभागांत जुन्या पोथ्यांचे संपादन करताना हा शेरा आजही किती सहज मारला जातो! लेखनिकाचा पाठ आपण मुकाट्याने 'दुरुस्त' करतो आणि तळटीपही देत नाही. नाण्याचा व्यापारी निदान चिठ्ठी तरी लावतो. असो.

विद्यार्थ्याने विचारले, मग चिठ्ठीवर लिहू काय? मी सांगितले ते त्याने लिहून घेतले : 'शिवराई, तांबे. पाठ : "सिव". "रा" अर्धा चकतीबाहेर.' वजनाची जागा कोरी ठेवली आहे; सराफाकडच्या काट्यावर तो उद्या करून आणणार आहे.