दुसरी किल्ली

दिवाळीची गर्दी ओसरली, चातुर्मासाची समाप्ती झाली, की व्यापारी घरांतील तरुणांना यात्रेचे वेध लागतात. पूर्वी संघाची बस निघत असे. आता चार-सहा मोटारसायकली निघतात. सांगली-कोल्हापूरकडील मंडळी थेट श्रवणबेळगोळपर्यंत मजल मारतात, सोलापूर-बार्शीकडील कुंथलगिरीला जातात, नाशिककडील मांगीतुंगीला. तयारी मोठ्या साक्षेपाने केली जाते. खाखरे आणि थेपले, गाळलेल्या पाण्याच्या बाटल्या, सूर्यास्तापूर्वी भोजनाची सोय कोठे होईल याची टिपणे, पंक्चरचे साहित्य, जर्किन, मोबाइलचा चार्जर, सारे काही बरोबर असते. गाडीची दुसरी किल्ली मात्र घरच्या कपाटात, शोरूमने दिली त्याच पातळ तारेच्या कडीत लटकत राहते.

याचे नवल वाटावे. कारण ज्या घरात गोदामाच्या कुलपाला एकच किल्ली असणे हा गाफीलपणा मानला जातो, तेथेच चारशे किलोमीटरचा प्रवास एका किल्लीच्या भरवशावर केला जातो. 'घरी आहे ना दुसरी' असे म्हटले जाते. पण गाडी ज्या गावी अडते, त्या गावी घर नसते.

किल्ली हरवण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत. पेट्रोल भरताना टाकीचे झाकण उघडले जाते, किल्ली झाकणाला तशीच राहते, मागील वाहनांचा गलका सुरू होतो आणि झाकण बाजूला ठेवून घाईघाईत पैसे देताना ती कोठेतरी निसटते. स्कूटरस्वारांचा अनुभव वेगळा. सीट उचलून किल्ली आतच ठेवली जाते आणि सीट खटकन बंद होते. थंडीत हातमोजे काढताना, जर्किनच्या उथळ खिशातून मोबाइल ओढताना किल्ली पडल्याचे कळतही नाही, कारण डोक्यावर शिरस्त्राण असते आणि आवाज कानी येत नाही.

तीर्थक्षेत्री यात आणखी एका कारणाची भर पडते. अभिषेक-पूजेसाठी स्नान करून धोतर-दुपट्टा नेसावा लागतो. या वस्त्रांना खिसे नसतात. अंगावरची पँट धर्मशाळेच्या स्नानगृहातील खुंटीवर जाते, पाकीट विश्वासाने मित्राकडे दिले जाते आणि किल्ली पँटच्या खिशात किंवा खिडकीच्या कट्ट्यावर राहते. दर्शन घेऊन, मांगीतुंगीसारख्या ठिकाणी हजारो पायऱ्या चढून-उतरून माणूस परत येतो, तोवर त्याच खुंटीवर दहा जणांचे कपडे येऊन गेलेले असतात. चोरी झालेली नसते. कोणाच्या तरी पिशवीत ती किल्ली निष्पापपणे दुसऱ्या गावी निघून गेलेली असते.

त्यानंतरची फरफट ज्यांनी भोगली त्यांनाच ठाऊक. हँडल लॉक लावलेले असेल तर पुढचे चाक वळलेल्या स्थितीत अडकून राहते, त्यामुळे गाडी ढकलताही येत नाही. चार माणसांनी उचलून टेम्पोत घालावी लागते. साध्या धातूची किल्ली असेल तर गावातला चावीवाला मदतीला येऊ शकतो. कोरी पट्टी कुलपात घालून, तिच्यावर उमटलेल्या खुणा कानशीने घासत तो तासाभरात किल्ली घडवतो. हे कसब वाखाणण्यासारखे आहे, पण ते तालुक्याच्या गावी मिळते, डोंगराच्या पायथ्याशी नाही. आणि सूर्य मावळतीला गेला असेल, चौविहाराचा नियम असेल, तर त्या तासाभराची किंमत आणखी वाढते.

चिप बसवलेल्या किल्लीपुढे तर हे कसबही थकते. अशा किल्लीच्या प्लॅस्टिकच्या मुठीत एक सूक्ष्म चिप असते. तिला स्वतःची बॅटरी लागत नाही. कुलपाभोवतीच्या वेटोळ्यातून तिला ऊर्जा मिळते आणि ती आपला संकेत गाडीच्या संगणकाला कळवते. संकेत जुळला तरच इंजिन सुरू होते. धातूचा आकार हुबेहूब घासून केलेली नक्कल कुलपात फिरेल, दिवे लागतील, पण इंजिन मुकेच राहील. नवी किल्ली कंपनीच्या केंद्रात त्या गाडीशी जोडून घ्यावी लागते, आणि सर्वच किल्ल्या गेल्या तर पुष्कळदा कुलपांचा अख्खा संच, क्वचित संगणकही बदलण्याची पाळी येते. ज्या दुचाकी खिशातील स्मार्ट किल्लीवर चालतात, त्यांच्या किल्लीत नाण्याएवढी बॅटरी असते. तेथे दुसऱ्या किल्लीबरोबर एक जादा बॅटरीही ठेवणे इष्ट.

मग दुसरी किल्ली बरोबर न्यायची तर ठेवायची कोठे? पहिल्या किल्लीच्याच कडीत अडकवणे हे सर्वांत निरर्थक. दोन्ही एकदमच हरवतात. सीटखाली ठेवणेही व्यर्थ, कारण सीट उघडायला किल्लीच लागते. चुंबकाची डबी गाडीच्या सांगाड्याखाली चिकटवण्याची युक्ती काही जण सांगतात. परंतु ती चोरांनाही ठाऊक आहे, शिवाय खड्ड्यांच्या रस्त्यावर डबी टिकेलच असे नाही. बॅगेत ठेवावी, तर ती बॅग गाडीच्या कुलूपबंद पेटीत नसावी. एकट्या प्रवाशाने ती कमरेच्या आतल्या पट्ट्यात किंवा गळ्यातील दोऱ्यात, अंगावर ठेवावी.

दोन किंवा अधिक गाड्या असतील, तर सर्वांत उत्तम रीत म्हणजे अदलाबदल. याची दुसरी किल्ली त्याच्याकडे, त्याची याच्याकडे. एकाची बॅग गेली, एक जण पाण्यात पडला, तरी दोघेही अडत नाहीत. व्यापारी समाजाला ही रीत नवी नाही. बँकेचा लॉकर ग्राहकाची आणि बँकेची अशा दोन किल्ल्यांनी उघडतो. अनेक मंदिरांच्या भंडाराला दोन कुलपे असतात आणि त्यांच्या किल्ल्या दोन विश्वस्तांकडे राहतात. तेथे दोन हात परस्परांवर लक्ष ठेवण्यासाठी असतात, येथे परस्परांना तारण्यासाठी; फरक एवढाच.

कोणी म्हणेल, एक पुरेशी असता दुसरी बाळगणे हा परिग्रह नव्हे काय? असा प्रश्न विनोदाने विचारला जातो, पण त्यात गोंधळ आहे. परिग्रह मूर्च्छेत असतो, आसक्तीत असतो. किल्लीच्या जोडीवर कोणाची आसक्ती जडल्याचे ऐकिवात नाही. येथे प्रश्न प्रमादाचा आहे. तत्त्वार्थसूत्रात बंधाच्या पाच कारणांत प्रमादाची गणना केली आहे. साधूंच्या पाच समितींपैकी आदान-निक्षेपण समिती तर वस्तू उचलण्या-ठेवण्यातील सावधानतेचीच आहे. अर्थात तिचा हेतू जीवरक्षणाचा. किल्ली सांभाळण्यासाठी तिचा आधार घेणे ओढाताणीचे होईल. तरीही ज्याचा हात वस्तू ठेवताना जागा असतो, त्याच्या किल्ल्या सहसा हरवत नाहीत, असे दिसते.

प्रमाद प्रवासात संपत नाही, तो घरी परत येतो. एका तालुक्याच्या गावी अडत दुकान असलेल्या घरात घडलेली हकीकत अशी. धाकटा मुलगा मित्रांसह तीर्थयात्रेला गेला. शहाणपणाने त्याने कपाटातील दुसरी किल्ली बरोबर नेली, पण घरी कोणाला सांगितले नाही. धर्मशाळेत वर सांगितल्या प्रकारेच पहिली किल्ली गेली. दुसरी होती, म्हणून यात्रा निर्विघ्न झाली. आणि निर्विघ्न झाली म्हणून घरी येऊन बोलण्यासारखे काही उरले नाही. तो पुढे शिक्षणासाठी पुण्याला गेला. गाडी दुकानाच्या कामाला लागली.

आठ-नऊ महिन्यांनी ती गाडी बाजार समितीच्या आवारातून चोरीला गेली. पोलिसांत तक्रार झाली, विमा कंपनीला कळवले गेले. कंपनीच्या माणसाने रीतीप्रमाणे दोन्ही मूळ किल्ल्या मागितल्या. एकच मिळाली. कपाट उपसले, तिजोरी पाहिली, देवघरातील खण पाहिला. शेवटी त्या माणसाने सहज विचारले, "दुसरी किल्ली कोणाच्या हाती असायची?"

दुकानात अकरा वर्षे काम करणारा एक मुलगा होता. बँकेचा भरणा, गोदामाचे कुलूप, अण्णांची औषधे, सारे त्याच्या हातून होत असे. गाडीही तोच नेत असे. त्याला कोणी काही बोलले नाही. केवळ सर्वांच्या नजरा वळल्या. थोरल्या मुलाने एवढेच विचारले, "अरे, तू कधी नेली होतीस का घरी?" तो म्हणाला, "नाही दादा." दुसऱ्या दिवशी तो कामावर आला नाही.

तीन दिवसांनी पुण्याला फोनवर बोलताना ही गोष्ट धाकट्याच्या कानी पडली, आणि त्याने सारे सांगितले. अण्णा त्याच संध्याकाळी त्या मुलाच्या घरी गेले. क्षमावाणीला अजून अवकाश होता, पण त्यांनी दारात उभे राहून हात जोडले. मुलगा संकोचून म्हणाला, "अण्णा, असं नका करू. चालायचंच." तो पुन्हा कामावर आला, आजही आहे. मात्र दुकान बंद करताना कुलूप लावून झाले की किल्ल्यांचा जुडगा तो गल्ल्यावर ठेवतो. घरी घेऊन जा म्हटले तर म्हणतो, "दादांकडेच असू द्या."

विम्याच्या बाजूने पाहता, किल्ली हरवल्याबरोबर पोलिसांकडे नोंद करून तिची प्रत जपली असती आणि कंपनीला कळवले असते, तर हा प्रश्नच उद्भवला नसता. चोरीच्या दाव्यात कंपन्या दोन्ही किल्ल्या मागतात, आणि एक नसेल तर तिचा हिशेब विचारतात. गाडीला किल्ली तशीच ठेवून मालक बाजूला गेला असेल, तर निष्काळजीपणाचे कारण देऊन दावा नाकारलाही जातो. असे वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेले आहेत आणि काही प्रकरणांत ७५ टक्के रक्कम देण्याचा आदेशही झाला आहे. पण तेथवर पोहोचण्यास वर्षे लागतात, आणि उरलेले २५ टक्के जातातच. जुनी गाडी विकतानाही जाणता गिऱ्हाईक दुसरी किल्ली मागतो.

ज्या घरात पैशापैशाची रोजमेळ लिहिली जाते, तेथे एका वहीच्या शेवटच्या पानावर वाहनांच्या किल्ल्या लिहिणे कठीण नाही: कोणती गाडी, किती किल्ल्या, कोणाकडे. किल्लीबरोबर क्रमांकाची छोटी पट्टी मिळाली असेल, तर तो क्रमांकही तेथेच उतरवावा. नवी किल्ली करून घेताना तो उपयोगी पडतो. ती पट्टी मात्र किल्लीला लटकवून फिरू नये. यात्रेला कोणी दुसरी किल्ली नेली तर नेल्याची नोंद, आणि परत आल्यावर ठेवल्याची नोंद. लक्ष्मीपूजनाला तिजोरीच्या किल्ल्या पाटावर येतात, त्या दिवशी वाहनांच्याही मोजून घेता येतील.

आणि निघण्याच्या आदल्या दिवशी दुसऱ्या किल्लीने एकदा गाडी सुरू करून पाहावी, टाकीचे झाकण आणि सीटही तिनेच उघडावी. वर्षानुवर्षे कपाटात पडून असलेली ती किल्ली मूळची आहे, की कधी काळी बाजारात करून आणलेली, हे पुष्कळ घरांत त्याच वेळी प्रथम कळते.