टाकी शाळेत, ओढा आपल्या दारात

सिएटलच्या आसपास, म्हणजे रेडमंड, बेलव्ह्यू, समामिश, इसाक्वा, बॉथेल या पट्ट्यात मराठी घरं आता पुष्कळ आहेत. इथल्या अनेक प्राथमिक शाळांतून हिवाळ्याच्या सुट्टीनंतर पालकांना एक ईमेल येतो. वर्गात सॅमन माशाची अंडी येणार आहेत, टाकीची देखभाल करायला आणि वसंतात पिल्लं ओढ्यात सोडायला जाताना सोबत यायला पालक हवे आहेत. हा ईमेल न वाचता मिटवू नका, अशी माझी विनंती आहे. गणिताच्या स्पर्धेचा किंवा रोबोटिक्सचा ईमेल आपण जेवढ्या तातडीने उघडतो तेवढ्याच तातडीने हाही उघडा, आणि नाव नोंदवून टाका. सकाळची एखादी मीटिंग बुडेल. बुडू द्या.

आधी वर्गात काय चालतं ते समजून घ्या. टाकीला पाणी गार ठेवणारं यंत्र जोडलेलं असतं, कारण पाणी साधारण 10 अंश सेल्सिअसच्या आसपास राहावं लागतं. बाजूने जाड फोम लावून आत अंधार केलेला असतो. नदीत ही अंडी खडीखाली असतात, तिथे उजेड नसतो. येतात ती वाटाण्याएवढी नारिंगी अंडी, आत डोळ्यांचे दोन काळे ठिपके दिसणारी. त्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी लोंबत असते. ती संपेपर्यंत ते तळाशी पडून राहतं, काही खात नाही. मग एके दिवशी वर पोहत येतं आणि भुकेजतं. मुलं रोजचं तापमान लिहून त्याची बेरीज करत जातात, कारण अंडं कधी फुटणार हे दिवसांच्या मोजणीपेक्षा पाण्यात साठत गेलेल्या उष्णतेवर ठरतं. अमोनिया तपासतात, पाणी बदलतात, उरलेला खाऊ काढतात. नायट्रोजनचं चक्र आपण पुस्तकातल्या बाणांवरून पाठ केलं. इथे ते चौथीतल्या मुलाच्या बोटांना कळतं.

काही पिल्लं मरतात. मूल घरी रडत आलं तर शिक्षकांना तक्रारीचा ईमेल लिहू नका आणि खोटी समजूतही घालू नका. कोहो जातीची मादी साधारण अडीच-तीन हजार अंडी घालते. त्यातली दोनच मोठी होऊन परत आली, तरी माशांची संख्या होती तेवढी राहते. ही वजाबाकी मुलाला स्वतः करू द्या.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगतो. वर्गातल्या त्या मूठभर पिल्लांनी सॅमन वाचणार नाहीत. वॉशिंग्टन राज्यातली सरकारी आणि आदिवासी जमातींची मत्स्यबीज केंद्रं दरवर्षी कोट्यवधी पिल्लं सोडतात, आणि तरीही प्युजेट साउंडमधला चिनूक जातीचा सॅमन 1999 पासून संकटग्रस्तांच्या यादीत आहे तो आहेच. म्हणजे तूट अंड्यांची नाही, ओढ्यांची आहे. टाकीचा उपयोग इतकाच की मूल विचारतं, या माशांना एवढं गार आणि स्वच्छ पाणी लागतं, मग आपल्या घरामागच्या ओढ्यात तसं आहे का? हा प्रश्न वर्गात उभा राहतो, पण त्याचं उत्तर आपल्या ड्राइव्हवेवर असतं. आणि ड्राइव्हवे शिक्षकांच्या ताब्यात नाही, आपल्या ताब्यात आहे.

घरासमोरच्या रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळी असते. तिच्यात जाणारं पावसाचं पाणी सांडपाण्याच्या शुद्धीकरण केंद्रात जातं, असं आपल्यातल्या बहुतेकांना वाटतं. उपनगरांत ते सहसा तिकडे जात नाही. फार तर वाटेत एखाद्या तळ्यात थांबतं आणि मग थेट ओढ्यात उतरतं. या भागातल्या शहरी ओढ्यांत शरदातल्या पावसाबरोबर कोहो वर चढायचे आणि अंडी घालण्याआधीच तडफडून मरायचे. वर्षानुवर्षं कारण सापडत नव्हतं. वॉशिंग्टन विद्यापीठ आणि वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी ते शोधलं आणि डिसेंबर 2020 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडलं. टायरचं रबर टिकावं म्हणून त्यात 6पीपीडी नावाचं रसायन घालतात. हवेतल्या ओझोनशी त्याची प्रक्रिया होऊन 6पीपीडी-क्विनोन तयार होतं. टायर झिजतात, भुकटी रस्त्यावर पडते, पाऊस ती ओढ्यात नेतो. त्याच पाण्यात चम जातीचा सॅमन तगतो, कोहो काही तासांत मरतो. टेस्ला घेतली म्हणून आपली यातून सुटका नाही, टायर तिलाही चार आहेतच.

यातली आशेची बाजू अशी की हेच विषारी पाणी वाळू आणि कंपोस्टच्या थरातून गाळून घेतलं, तर त्यात कोहो जगतात. हे प्रयोगांतून दिसलेलं आहे. छपराच्या पन्हळीचं पाणी डांबरावर न सोडता बागेत मुरवा, असं पालिका म्हणते ते उगाच नाही. आपल्यातले काही जण ज्या गावांतून आले तिथे डोंगरउतारावर समतल चर खणले गेले, नाल्यांना बांध घातले गेले. तिथे पाण्याची वानवा म्हणून, इथे पाण्यातल्या घाणीसाठी, पण काम तेच आहे. पाऊस पडतो तिथेच पाण्याचा वेग मोडायचा आणि ते मातीत जिरवायचं. पाणलोट म्हणजे काय हे मुलांना समजावायला आपल्याला शिकवणी लावावी लागू नये.

तेव्हा घरी एवढं करा. गाडी ड्राइव्हवेवर धुऊ नका. धुण्याच्या केंद्रात न्या, तिथलं पाणी सांडपाण्याच्या वाहिनीत जातं. पावसाचा अंदाज असेल त्या आठवड्यात हिरवळीवर खत किंवा शेवाळ मारायची पावडर टाकू नका. आपल्या जाळीतलं पाणी कुठल्या ओढ्यात जातं, हे मुलाला शहराच्या नकाशावर शोधायला लावा. बेअर क्रीक असेल, केल्सी क्रीक असेल, नॉर्थ क्रीक असेल. एकदा नाव सापडलं की मूल तुम्हाला साबणाची बादली घेऊन बाहेर पडू देणार नाही. आणि एचओएच्या, म्हणजे घरमालकांच्या संघटनेच्या, बैठकीत कुंपणाच्या रंगावर तासभर वाद घालणाऱ्या मंडळींनी एकदा तरी विचारावं की वसाहतीच्या पावसाच्या पाण्याच्या तळ्यातला गाळ शेवटचा कधी काढला. बऱ्याच ठिकाणी ती जबाबदारी एचओएचीच असते.

भारतातून आजी-आजोबा आलेले असतील तर त्यांना जरूर सोबत न्या. ते बहुधा उन्हाळा धरून येतात आणि थंडी पडायच्या आत परततात. पिल्लं सोडण्याचा मे महिना आणि मासे परतण्याचा सप्टेंबर-ऑक्टोबर, दोन्ही त्यांच्या मुक्कामात सापडू शकतात. कोकणातल्या माणसाला तर यातलं काही परकं वाटणार नाही. पहिल्या पावसात वलगणीचे मासे प्रवाहाच्या उलट चढत शेतात शिरतात ते त्याने पाहिलेलं असतं. इथल्या माशाची चढण लांब पल्ल्याची आहे, समुद्रात काही वर्षं काढून तो वासावरून आपल्या जन्माच्या ओढ्याशी परततो, एवढाच फरक. आजोबा हे नातवाला सांगतील ते कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा बरं असेल.

‘आम्ही मासे खात नाही’ हे कारण मी ऐकून घेणार नाही. मासे खाण्याचा इथे संबंध नाही. आणि जे खातात त्यांनीही पाकिटावरचं वाचावं. दुकानातला तो गुलाबी तुकडा पुष्कळदा अटलांटिक जातीचा, पिंजऱ्यात वाढवलेला असतो.

ओढ्याकाठी मुलांशी बोलायला कधी मकलशूट किंवा स्नोक्वाल्मी जमातीतलं कुणी आलं, तर फोन खिशात ठेवा. 1850 च्या दशकातल्या करारांत या भागातल्या जमातींनी जमिनी दिल्या, पण मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो हक्क बजावताना निस्क्वाली जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर कितीदा तरी तुरुंगात गेले. शेवटी 1974 मध्ये न्यायाधीश बोल्ट यांनी निकाल दिला की पकडण्याजोग्या माशांचा अर्धा वाटा जमातींचा. आपण या खोऱ्यात काल आलो. ती माणसं हा ओढा कितीतरी पिढ्या ओळखतात.

शाळेत टाकी नसेल तरी अडत नाही. बॅलार्डच्या लॉक्सवर माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट आहे आणि तिला काचेच्या खिडक्या आहेत, तिथे जुलैपासून मासे दिसू लागतात. रेंटनचं वाचनालय सीडर नदीवरच बांधलंय, ऑक्टोबरात पुस्तकं बदलायला जाल तेव्हा खाली वाकून पाहा. इसाक्वाचं मत्स्यबीज केंद्र 1936 पासूनचं. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथे सॅमन डेजची जत्रा भरते, पण मासे पाहायचे असतील तर जत्रा टाळून एखाद्या साध्या दिवशी जा. नोव्हेंबरात सिएटलच्या कारकीक पार्कमध्ये पायपर्स क्रीकला चम येतात, तिथे माहिती सांगायला स्वयंसेवक उभे असतात. सेवेच्या तासांची नोंद हवी म्हणून येणाऱ्या मोठ्या मुलांनीही यावं, पण कागदावर सही मिळाल्यावर अर्धा तास जास्त थांबावं.

जाताना गमबूट आणि पावसाळी जॅकेट घ्या. शरदापासून वसंतापर्यंत ओढ्यातल्या खडीवर पाय देऊ नका, खाली अंडी असतात. काठावर अंडी घालून मेलेल्या माशांचा वास येईल. नाक दाबून मुलाला ओढत नेऊ नका, थांबून बघू द्या. ती कलेवरं पाण्यातले किडे खातात, ते किडे पुढच्या वर्षीची पिल्लं खातात, आणि समुद्रातून आलेलं नत्र काठावरच्या झाडांच्या लाकडातही सापडतं. टाकीतली पिल्लं परवान्यात लिहिलेल्या जागीच सोडायची असतात, त्यामुळे एखादं बाटलीत घालून घरी आणायचा हट्ट मुलाने धरला तर मोडून काढा. कुत्रा मात्र गाडीत किंवा घरीच ठेवा. कच्चा सॅमन खाल्लेल्या कुत्र्याला त्यातल्या परजीवीमुळे जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. चुकून तोंड लावलंच, तर लक्षणांची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याला फोन करा.