‘झिंगाट’ नावडतं आहे, हे फोनला कसं कळणार?

आधी एक प्रश्न. अजय-अतुलचं तुमचं सगळ्यात नावडतं गाणं कोणतं?

आला ना राग? मलाही आला होता. मागच्या लग्नसराईत नामपूरला घरी गेलो होतो. मोसम नदीच्या काठचं, कांदा आणि डाळिंबाचं आमचं गाव. हळदीच्या रात्री जेवणं उरकल्यावर कुणीतरी हा प्रश्न शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोल करून टाकला. पर्याय होते ‘झिंगाट’, ‘चिकनी चमेली’, ‘वाजले की बारा’, ‘याड लागलं’ आणि शेवटचा, ‘असं गाणंच नाही’.

निकाल तुम्ही ओळखला असेलच. ‘असं गाणंच नाही’ धो धो मतांनी जिंकलं. ज्या एकाने ‘याड लागलं’वर बोट ठेवलं होतं, त्याला सकाळपर्यंत इतक्या शिव्या पडल्या की त्याने मत काढून घेतलं.

गंमत पुढे आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तीच मंडळी चहाच्या टपरीवर जमली, आणि तिथे प्रत्येकाकडे एक नावडतं गाणं तयार होतं. कारणासकट!

पोल आणि टपरी यांत फरक का पडला?

व्हॉट्सॲपवर पोलची सोय २०२२ च्या नोव्हेंबरपासून आली. साध्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं. म्हणजे हे गुप्त मतदान नाही, हात वर करून केलेलं मतदान आहे. अख्ख्या ग्रुपसमोर अजय-अतुलच्या विरोधात हात कोण वर करणार? टपरीवर मात्र पाच-सहा जण, समोरासमोर. तिथे ‘का रे?’ असं विचारता येतं आणि उत्तरही देता येतं.

टपरीवरची यादी अशी होती. एकाला ‘चिकनी चमेली’ नको, कारण २००६ च्या ‘जत्रा’मधलं ‘कोंबडी पळाली’ आपलं होतं, तीच चाल २०१२ ला ‘अग्निपथ’मध्ये हिंदीत गेली आणि आता बाहेरचे लोक मराठी गाण्यालाच नक्कल समजतात. दुसऱ्याला ‘धडक’मधलं हिंदी ‘झिंगाट’ सहन होत नाही. वर्गातली एक मैत्रीण म्हणाली, ‘मला आयटम साँग या प्रकाराचाच कंटाळा आलाय, मग ते कोणाचंही असो.’ ‘याड लागलं’वाल्याचं म्हणणं तर ऐकण्यासारखं होतं. ‘सैराट’च्या गाण्यांसाठी अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजमध्ये मोठा वाद्यवृंद रेकॉर्ड केला होता. त्याचं म्हणणं, ‘गावातल्या पोराच्या प्रेमाला एवढा मोठा आवाज कशाला? हलगी पुरली असती.’ मला अजिबात पटलं नाही. पण घरी जाऊन ते गाणं मी हेडफोन लावून पुन्हा ऐकलं, तेही पहिल्यापेक्षा जास्त लक्ष देऊन.

मुद्दा हाच आहे. नावडतं गाणं सांगायला आधी सगळी गाणी ऐकलेली असावी लागतात. जगभरात हे चालतं. बीटल्सचे चाहते १९६८ च्या ‘रेव्होल्यूशन ९’ या आठ मिनिटांहून लांब आवाजी प्रयोगावरून अजून भांडतात, आणि तरी बीटल्सचेच चाहते असतात. रेडिओहेड या रॉक बँडने तर स्वतःचं सगळ्यात गाजलेलं ‘क्रीप’ अनेक वर्षं कार्यक्रमांत वाजवणं टाळलं.

आता ॲपच्या बाजूने बघू

टपरीवर आमचा एक डीजेवाला मित्र होता. त्याचं नावडतं गाणं ‘झिंगाट’. कारण? ‘माले ते गानं नको वाटस भो, पन लोके सोडतस नही.’ २९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ आला, तेव्हापासून प्रत्येक हळदीला, प्रत्येक वरातीला तो ते वाजवतोय. कधी कधी एका रात्रीत चार वेळा, आणि सगळं स्वतःच्याच फोनवरून.

मी त्याच्या म्युझिक ॲपचं होम पेज बघितलं. वर झिंगाट, खाली झिंगाटचे रिमिक्स, त्याखाली झिंगाटसारखी गाणी. ॲपच्या लेखी हा माणूस झिंगाटचा बागलाणमधला सगळ्यात मोठा भक्त आहे!

यात ॲपने काही चूक केलेली नाही, त्याला सांगितलंच तसं गेलंय. गाणी सुचवणारी यंत्रणा दोन प्रकारची माहिती गोळा करते. एक, तुम्ही स्वतःहून सांगितलेली, म्हणजे लाइक, डिसलाइक, प्लेलिस्टमध्ये टाकणं. दुसरी, तुमच्या वागण्यातून काढलेली, म्हणजे किती वेळ ऐकलं, कुठे सोडलं, पुन्हा लावलं का. पहिली फार थोडे लोक देतात, म्हणून बराचसा भार दुसऱ्या प्रकारावर पडतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद गाणं वाजलं की एक स्ट्रीम मोजला जातो. तुम्ही मन लावून ऐकलं, की पोटासाठी वाजवलं, हे त्या आकड्यात येत नाही.

मग डिसलाइक बटण कशाला आहे?

यूट्यूबने नोव्हेंबर २०२१ मध्ये डिसलाइकचा आकडा सगळ्यांपासून लपवला. लोक ठरवून एखाद्यावर डिसलाइकचा मारा करतात आणि छोट्या चॅनलवाल्यांना त्याचा जास्त त्रास होतो, असं कारण दिलं. कारण अगदीच खोटं नव्हतं. ऑगस्ट २०२० मध्ये ‘सडक २’च्या ट्रेलरला एक कोटीहून जास्त डिसलाइक पडले होते. ते काही ट्रेलर नीट बघून दिलेले नव्हते. सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर घराणेशाहीवरचा राग तिथे निघाला होता. एकच बटण, पण प्रत्येक अंगठ्याचा अर्थ वेगळा.

बटण अजून आहे, आकडा फक्त व्हिडिओ टाकणाऱ्याला दिसतो. पण त्याचा उपयोग किती? मोझिलाने २०२२ मध्ये २० हजारांहून जास्त स्वयंसेवकांच्या मदतीने हे तपासलं. नको असलेल्या प्रकारच्या शिफारशी डिसलाइकने फक्त १२ टक्के कमी झाल्या, ‘नॉट इंटरेस्टेड’ने ११ टक्के, हिस्टरीतून व्हिडिओ काढल्याने २९ टक्के, आणि ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’ने ४३ टक्के. यूट्यूबला ही तपासण्याची पद्धत मान्य नव्हती. तरी आकड्यांचा कल लक्षात घ्या: नुसता अंगठा खाली करणं हा सगळ्यात कमजोर उपायांपैकी एक आहे.

यात आपलं काय जातं?

हा प्रश्न टपरीवरच सुटला. माझा चुलतभाऊ अहिराणी गाणी करून यूट्यूबवर टाकतो. त्याच्या शेवटच्या गाण्याचा आलेख त्याने दाखवला. लोक कितव्या सेकंदाला सोडून गेले, ते त्यात दिसतं. सुरुवातीच्या पंधरा सेकंदांतच रेघ धाडकन खाली आली होती. तो म्हणाला, ‘दादा, लोकांना संबळ नको झालाय. पुढच्या गाण्यातून काढून टाकतो, सरळ बीट टाकतो.’ रेकॉर्डिंग रविवारी होतं.

आम्ही ते गाणं तिथेच लावलं. डीजेवाल्याने दहाव्या सेकंदाला हात वर केला. ‘थांब. संबळ अजून सुरूच झाला नाही. आधी तुझा लोगो, मग निर्मात्याचं नाव, मग चॅनल सबस्क्राइब करा. एवढं कोण ऐकतं? मी पण हे पुढे ढकलूनच लावतो.’

आलेख खरं बोलत होता. लोक कुठे सोडून गेले हे त्याने बरोबर सांगितलं, पण का गेले हे त्याला माहीतच नव्हतं. ते ‘का’ माझ्या भावाने अंदाजाने भरलं, आणि त्या अंदाजापायी संबळ जाणार होता. असे अंदाज आज गावोगावी गाणी करणारी पोरं रोज बांधतात. आपण ‘सगळंच भारी’ म्हणत राहिलो, किंवा गुपचूप स्किप करत राहिलो, तर त्यांच्याकडे दुसरं काय उरतं?

तुम्ही एवढं करा

१. फोन डीजेला किंवा स्पीकरला देताना स्पॉटिफायवर ‘प्रायव्हेट सेशन’ चालू करा, यूट्यूबवर हिस्टरी थांबवा. लग्नातली गाणी तुमच्या आवडीत सहसा मिसळणार नाहीत.

२. यूट्यूबवर एखादा प्रकार खरंच नको असेल तर तीन टिंबांवर जाऊन ‘डोन्ट रेकमेंड चॅनल’ करा, हिस्टरीतूनही काढा. पण जपून. एका रिमिक्सच्या रागात चांगलं चॅनल घालवू नका.

३. ओळखीच्या कलाकाराचं गाणं आवडलं नाही तर अंगठा खाली करून पळू नका. कितव्या सेकंदाला कंटाळा आला आणि कशाने, एवढं एका ओळीत कळवा.

४. ग्रुपवर कोणी ‘मला झिंगाट आवडत नाही’ म्हणालं तर शिवी देण्याआधी ‘का?’ विचारा.

रविवारी रेकॉर्डिंग झालं. संबळ राहिला, लोगो शेवटी गेला. नवीन गाण्याचा आलेख कसा येतो ते बघू.

आणि हो, माझं नावडतं गाणं? टपरीवर या, सांगतो. पोलमध्ये नाही सांगणार.