घोड्याच्या दावणीला म्हशीचं शास्त्र

पुणे-बंगळूर महामार्गाला खेटून असलेलं उचगाव करवीर तालुक्यातलं, ऊस आणि म्हैस यांवर पोसलेल्या मुलखातलं. कोल्हापूर जिल्हा दूध संघ १९६३ सालचा, त्याची डेअरी जवळच गोकुळ शिरगावला. कोणती वैरण घातली की फॅट वाढतं, कोणत्या पेंडीनं म्हैस आटते, यावर या पट्ट्यात कुणीही तासभर बोलेल. ते ज्ञान खरं आहे, कमावलेलं आहे. घोटाळा होतो तो शर्यतीच्या गाडीला जुंपायचा, वरातीत नाचवायचा किंवा नुसत्या हौसेनं दारात बांधलेला घोडाही त्याच ज्ञानावर सांभाळला जातो तेव्हा.

युक्तिवाद ठरलेला असतो. दोन्ही जनावरं गवत खाणारी, दोघांच्या पोटात चारा कुजवणारे जिवाणू. मग म्हशीला मानवतं ते घोड्याला का मानवू नये?

दोघांच्या पोटात जिवाणू असतात हे बरोबर. पण ते पोटात कुठं बसलेत, हा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि सगळं उत्तर तिथंच आहे. म्हशीचं गुऱ्हाळ दारातच असतं, घोड्याचं परसात. म्हैस खाते ते आधी कोठीपोटात जातं. तिथं जिवाणू चाऱ्यावर काम करतात आणि मग तो माल, त्या जिवाणूंच्या देहांसकट, लहान आतड्यात पचायला जातो. घोड्याचं जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. तिथून अन्न लहान आतड्यातून काही तासांत पुढं सरकतं आणि जिवाणूंची खरी वसाहत लागते ती त्यानंतर, अंधनालात आणि मोठ्या आतड्यात. चाऱ्यातल्या तंतूंपासून हे जिवाणू जी आम्लं तयार करतात, त्यांवर चाऱ्यावर राहणाऱ्या घोड्याची निम्म्याहून जास्त ऊर्जा भागते. पण जिवाणूंनी बनवलेली प्रथिनं बहुतांशी लिदीबरोबर निघून जातात, कारण ती पचवून घेणारं लहान आतडं मागं राहिलेलं असतं.

आता गोळीपेंडीचं बघा. जनावरांच्या काही खाद्यांत युरिया असतो. म्हशीचे जिवाणू त्याचं प्रथिन करतात, ते पुढं पचतं. घोड्यात युरिया जिवाणूंपर्यंत पोचण्याआधीच बहुतेक रक्तात शोषला जातो आणि लघवीतून बाहेर पडतो. पैसे वाया गेले एवढ्यावर भागलं तर नशीब. काही खाद्यांत मोनेन्सिन नावाचं औषध घालतात. कोठीपोटातल्या जिवाणूंना वळण लावायला ते गाईगुरांत उपयोगी पडतं. घोड्याला त्याची फार थोडी मात्रा प्राणघातक ठरते, हृदयाचे स्नायूच निकामी होतात. म्हशीसाठी आणलेल्या पोत्यातला एक डबा प्रेमानं घोड्यापुढं ओतणाऱ्यानं पोत्यावरची बारीक अक्षरं आधी वाचावीत.

वाड्याची गोष्ट याहून कोल्हापुरी. गळीत हंगाम सुरू झाला की उसाचं वाडं मुबलक आणि स्वस्त. त्यात ऑक्झलेट असतं आणि ते कॅल्शियमला धरून ठेवतं. म्हशीच्या कोठीपोटातले जिवाणू सरावले की बरंचसं ऑक्झलेट मोडून टाकतात. तरीही नुसत्या वाड्यावरच्या दुभत्या म्हशीला खनिज मिश्रण द्यावं लागतं, हे गोठेवाल्यांना ठाऊक आहे. घोड्याच्या मोठ्या आतड्यातही ऑक्झलेट मोडणारे जिवाणू आहेत. पण कॅल्शियम शोषलं जातं ते लहान आतड्यात. मदत पोचेपर्यंत लूट झालेली असते. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या ऑक्झलेट जास्त असलेल्या गवतांवर चरणाऱ्या घोड्यांत याचा परिणाम चांगला नोंदलेला आहे: शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं, जबड्याची आणि चेहऱ्याची हाडं फुगतात, चाल बिघडते. त्यात वरून रोज गव्हाचा कोंडा चारला तर आणखी भर, कारण कोंड्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य.

‘मराठ्यांची घोडी हरभऱ्याच्या चंदीवर अटकेपर्यंत गेली’ हा दुसरा आवडता बचाव. गेली, पण ती दिवस दिवस दौडत होती आणि वाटेत मिळेल ते गवत खात होती. शिवाजी महाराजांनी चिपळूणजवळ हलवर्णच्या पागेला लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे. त्यातली चिंता दाणागोटा कमी पडण्याची आहे, तशीच वैरणीचीही: आज हवं तेवढं उधळलं तर भर पावसाळ्यात काहीच उरणार नाही, घोडी मरतील आणि माणसं रयतेला नाडू लागतील. रोज नेमानं, मापून घाला, असा त्या हुकमाचा रोख. परंपरेचा हवाला द्यायचाच तर तो या मापाचा द्यावा.

ते माप आजच्या भाषेत मांडता येतं. घोड्याला एका वेळी त्याच्या वजनाच्या दर किलोमागं साधारण एक ग्रॅमपेक्षा जास्त स्टार्च देऊ नये, असं पशुआहारतज्ज्ञ सांगतात. तीनशे किलोच्या देशी घोड्याला म्हणजे तीनशे ग्रॅम. हरभऱ्यात चाळीस टक्क्यांच्या आसपास स्टार्च धरला तर एका तोबऱ्यात पाऊण किलोच्या आतच थांबावं लागतं. शर्यत जवळ आली म्हणून दोन-दोन किलो भिजवलेला हरभरा आणि वर गुळाचा खडा घालणाऱ्यांना हे कंजूषपणाचं वाटेल. पण लहान आतड्याला न आवरलेला स्टार्च पुढं मोठ्या आतड्यात वाहत जातो आणि तिथं लॅक्टिक आम्ल बनवणाऱ्या जिवाणूंची चंगळ होते. आम्लता वाढते, तंतू पचवणारे जिवाणू मरतात, मेलेल्या जिवाणूंतून विषारी द्रव्यं सुटतात. मग पोटशूळ, नाहीतर खुराच्या आतल्या थराला सूज. क्वीन्सलंड विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना ऑलिगोफ्रुक्टोज ही साखर मोठ्या मात्रेत देऊन हा क्रम पाहिला: आधी मोठ्या आतड्यात स्ट्रेप्टोकोकस गटाचे जिवाणू बेसुमार वाढले, पाय त्यानंतर गेले. लंगडणाऱ्या घोड्याचा नाल तपासणाऱ्यानं आदल्या दोन दिवसांचा तोबराही आठवावा, तो यासाठी.

बिघडलं की ताक पाजा, दही चारा, असा सल्ला लगेच मिळतो. शहरी मालक त्याऐवजी महागडी प्रोबायोटिकची पुडी आणतो. प्रौढ घोड्याला दुधातली साखर नीट पचत नाही, आणि दह्यातले जिवाणू आतड्यातल्या त्या वसाहतीत टिकून घर करतात याला भक्कम आधार नाही. कॅनडात नवजात शिंगरांना लॅक्टोबॅसिलसची एक जात देऊन पाहिली, तर हगवण कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. यीस्टच्या बाबतीत निकाल थोडे बरे आहेत, हेही नोंदवायला हवं. शिंगरू मात्र स्वतःची सोय स्वतः करतं: पहिल्या काही आठवड्यांत ते आईची ताजी लीद खातं. घाण म्हणून त्याला हाकलणारे मालक त्याची जिवाणूंची शिदोरीच हिसकावतात.

मांडायचं ते साधं आहे. आधी सुकी वैरण: वजनाच्या किमान दीड टक्का, म्हणजे तीनशे किलोच्या घोड्याला रोज साडेचार किलो, आणि तीही दिवसभर थोडी थोडी. घोडा चघळतो तेव्हाच आम्ल शमवणारी लाळ सुटते. जठरातलं आम्ल मात्र अखंड पाझरत असतं, म्हणून रिकाम्या दावणीला तासन्‌तास उभा केलेला घोडा व्रण कमावतो. शर्यतीच्या जातिवंत घोड्यांत जठरव्रण सर्रास आढळतात, तेव्हा मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सच्या तबेल्याकडं बोट दाखवून तोबरा वाढवण्यात अर्थ नाही. दाणा लागेलच तर दोनाऐवजी तीन-चार वेळांत वाटावा.

कोणताही बदल मात्र सावकाश, दहा-पंधरा दिवसांत. इथं लोक दाणा बदलताना सावध असतात आणि वैरण बदलताना बेफिकीर. टेक्सासमधल्या अभ्यासांत पोटशूळाचा धोका नुकत्याच बदललेल्या सुक्या गवताशीही जोडलेला आढळला. कारखाना पेटला म्हणून आज कडबा बंद आणि उद्यापासून सगळं वाडं, हंगाम संपला की पुन्हा एका रात्रीत कडबा, हा आपल्याकडचा शिरस्ता म्हणूनच वाईट.

‘सुकं गवत परवडत नाही’ ही तक्रार खोटी नाही. उसानं रान व्यापलेल्या भागात गवताची गंज विकत घ्यावी लागते. पण हिशेब मांडताना हरभरा, गूळ, पेंड आणि डॉक्टर यांचे आकडेही त्याच कागदावर यावेत. वाडं टाकायचंच असेल तर सुक्या वैरणीनंतर, थोडं, रोज तेवढंच, आणि सोबत कॅल्शियम डॉक्टरांना विचारून.