‘सध्या रिकामाच आहेस ना?’

आपल्या शाळेत दिवस कसा घालवायचा हा प्रश्न कोणालाच पडत नाही. बिगुल, पीटी, नाश्ता, तास, खेळ, प्रेप, लाइट्स आउट. घंटा वाजते आणि आपण पळतो. त्यामुळे वेळेचं नियोजन आपल्याला जमतं असं आपण समजतो. मला आता तसं वाटत नाही. कारण माझे पप्पा.

पप्पा मराठा लाइट इन्फंट्रीतून २४ वर्षांच्या सेवेनंतर हवालदार म्हणून निवृत्त झाले. आमचं गाव चंदगड तालुक्यात. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी गेलो तेव्हा ते नोकरी शोधत होते. पहाटे पाचला उठायचे. दाढी, बूट पॉलिश, सगळं नेहमीसारखं. पण त्यानंतर कुठे जायचं हे सांगणारं कोणी नव्हतं. मग थोरले काका म्हणायचे, “सध्या रिकामाच आहेस ना? मला जरा बेळगावला सोडून ये.” कधी रेशनची रांग, कधी कुणाच्या लग्नाची धावपळ. संध्याकाळी पप्पा दमलेले असायचे आणि अर्ज एकही गेलेला नसायचा. एका भरतीची शेवटची तारीख अशीच निघून गेली. केंद्र सरकारच्या गट ‘क’च्या थेट भरतीत माजी सैनिकांना १० टक्के जागा राखीव असतात. पण तारीख चुकली की आरक्षण कागदावरच राहतं.

त्या रात्री पप्पांनी वहीत स्वतःचा ड्यूटी रोस्टर आखला. सकाळी ७ ते ९ अभ्यास, ९ ते १० जाहिराती आणि फोन, १० ते १ अर्ज व भेटीगाठी. घरची कामं दुपारी. संध्याकाळी सहानंतर नोकरीचा विषय बंद. समोरच्या पानावर तीन रकाने: कोणाला भेटलो, काय म्हणाले, पुन्हा कधी विचारायचं. काकांना त्यांनी शांतपणे सांगितलं, “दादा, एक वाजेपर्यंत मी ड्यूटीवर आहे.”

नंतर मुलाखतींसाठी ते बेंगळुरूला आले. पहिल्याच दिवशी सकाळी व्हाइटफील्ड आणि दुपारी इलेक्ट्रॉनिक सिटी ठरवलं. सिल्क बोर्डच्या ट्रॅफिकने दुसरी मुलाखत खाल्ली. वहीत नवा नियम आला: एका दिवशी एकच दिशा.

अजून त्यांना नोकरी मिळालेली नाही. वही नोकरी देते असं मी म्हणणार नाही. पण दिवस फुकट गेला असं ते आता म्हणत नाहीत. आई फोनवर सांगते, जेवताना ते पुन्हा गप्पा मारू लागलेत.

हा प्रश्न फक्त पप्पांच्या पिढीचा नाही. २०२२ मध्ये सुरू झालेल्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के अग्निवीर कायम होतात. बाकीचे पंचविशीच्या आतबाहेर पुन्हा नोकरी शोधायला लागतील. ते आपल्यापेक्षा फार मोठे नाहीत. आपल्यापैकीही सगळेच एनडीएत जातील असं नाही.

म्हणून माझं मत असं, की घंटा ऐकण्याची शिस्त आपल्याकडे आहे, आता स्वतः घंटा लावायची सवय हवी. सरांना विनंती आहे, रविवारी दोन तास कोणतीही घंटा नसावी. त्या दोन तासांत काय करणार हे प्रत्येक कॅडेटने आदल्या रात्री लिहावं आणि काय झालं ते संध्याकाळी स्वतः तपासावं. पहिले काही रविवार आपण ते तास वाया घालवू. ते इथे घालवलेले बरे.

आणि पालकांनाही एक विनंती. घरात कोणी नोकरी शोधत असेल, तर सकाळी त्याला काम सांगू नका. तो रिकामा नसतो. तो ड्यूटीवर असतो.