मासे माळीकाकांनी मारले नाहीत

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमधला विषय क्रमांक ७: "तळ्यातील मासे वारंवार मरणे". चर्चेला चार मिनिटं. ठराव असा की माळी निष्काळजी आहे, सबब मेलेल्या माशांचे पैसे त्याच्या पगारातून कापावेत. सर्वानुमते मंजूर! (माझा विरोध मिनिट्समध्ये आलाच नाही. म्हणून इथे नोंदवतोय.)

तर मंडळी, आधी हे तळं काय चीज आहे ते सांगतो. लॉबीसमोर ग्रॅनाइट लावलेली दोन फूट खोल टाकी. साधारण १०,००० लिटर पाणी, मध्ये कारंजं, रात्री निळे दिवे आणि आत पंचवीस कोई. कोई चांगला वाढला तर स्वतःच दोन फुटांचा होतो, म्हणजे टाकीत उभा राहिला तर डोकं बाहेर येईल. एका माशाला किमान १,००० लिटर हा जाणकारांचा ढोबळ हिशोब धरला तर इथे दहा मासे बसतात. फिल्टर? आहे की! झुडपामागे प्लॅस्टिकचा एक डबा, त्यात स्पंजचे तीन थर आणि एक यूव्ही दिवा. आपण सॉफ्टवेअरवाले हा प्रकार बरोब्बर ओळखतो. डेमोला यूआय झकास, मागे सर्व्हरच नाही.

आता जरा गणित. मासा अमोनिया बाहेर टाकतो, मुख्यतः कल्ल्यांमधून. ३५ टक्के प्रथिनं असलेलं १०० ग्रॅम खाद्य टाकलं की त्यातून साधारण ३ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतो. १०,००० लिटरला भागा. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅम, रोज. काहीच केलं नाही तर आठवड्यात आकडा २ च्या वर जातो, आणि तोवर कल्ले जळायला लागलेले असतात. पाणी मात्र काचेसारखं नितळ! कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. यूव्ही दिवा पाणी हिरवं करणारं शेवाळ मारतो, अमोनियाला तो हातही लावत नाही. वर पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी भाग जवळजवळ दहापट होतो. "पाणी तर स्वच्छ आहे, मग मासे का मरतात?" असं मीटिंगमध्ये तीन जणांनी विचारलं. टेस्ट किट आणा असं कुणीच म्हणालं नाही.

अमोनिया खाणारे असतात बॅक्टेरिया. काही जण अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. (दोन्ही कामं एकट्याने करणारा बॅक्टेरियाही २०१५ साली सापडला.) नायट्राइटही वाईटच, ते रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकद घालवतं. नायट्रेट त्या मानाने गरीब. हे बॅक्टेरिया कशाला तरी चिकटून राहतात, त्यांना सतत ऑक्सिजन लागतो आणि ते अतिशय सावकाश वाढतात. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तरी नवा फिल्टर चालू व्हायला चार ते सहा आठवडे, थंडीत त्याहून जास्त.

कप्प्यांचा फिल्टर लागतो तो ह्यांच्यासाठी. तळ्याच्या तळातून चार इंची पाइप निघतो आणि पहिल्या कप्प्यात येतो, मध्ये पंप नाही. फिल्टर आणि तळं एकाच पातळीवर ठेवलं की पाणी आपोआप येतं. पहिला कप्पा गाळाचा. इथे पाणी गोल फिरत मंदावतं, विष्ठा खाली बसते, तळाचा व्हॉल्व्ह उघडून ती सोडून द्यायची. दुसऱ्यात उभे ब्रश, उरलासुरला कचरा धरायला. तिसऱ्यात जपानी मॅट. चौथ्यात खाचाखाचांची छोटी प्लॅस्टिकची चाकं, खालून एअर पंपाने सतत घुसळत ठेवलेली. बॅक्टेरियांची वस्ती ह्या शेवटच्या दोन कप्प्यांत. आणि पंप सगळ्यात शेवटी! तो आधी लावला की विष्ठेचा मिक्सरमधून काढल्यासारखा लगदा होतो आणि मग कुठलाच ब्रश तो धरू शकत नाही. हा क्रमही उलटा चालत नाही. गाळ आधी काढला नाही तर मॅटवर चिखलाचा थर बसतो आणि खालचे बॅक्टेरिया गुदमरतात. सगळं पाणी साधारण दोन तासांत एकदा ह्यातून फिरलं पाहिजे, म्हणजे आमच्या तळ्याला ताशी ५,००० लिटर. चोवीस तास.

आणि आमच्याकडे काय चालतं? पंपाशेजारी कमिटीच्या सहीची लॅमिनेट केलेली नोटीस आहे. एक: वीजबचतीसाठी पंप रात्री दहा ते सकाळी सहा बंद. दोन: दर सोमवारी फिल्टर नळाच्या पाण्याने स्वच्छ धुवावा. माळीकाका हे तंतोतंत पाळतात. रोज रात्री आठ तास बॅक्टेरियांचा ऑक्सिजन तोडायचा, त्यातूनही जे जगतील त्यांना सोमवारी क्लोरीनच्या पाण्याने आंघोळ घालायची. मासे मरतात गुरुवारी-शुक्रवारी. ह्यात निष्काळजी कोण? ज्याने नोटीस पाळली तो, की ज्यांनी ती लिहिली ते?

आपल्याकडे स्वच्छता म्हणजे घासणं. भांडं घासा, फरशी घासा, फिल्टरही घासा. अहो, तो मॅटवरचा तपकिरी बुळबुळीत थर म्हणजेच फिल्टर! धुवायचाच असेल तर तळ्याचंच पाणी बादलीत घेऊन एका वेळी एकच मॅट हलकेच खळबळायची. तळ्यात भर घालायच्या पाण्यातलंही क्लोरीन आधी सोडियम थायोसल्फेट टाकून मारायचं. कापलेले पैसे माळीकाकांना परत द्या आणि ती नोटीस फाडा, एवढं तर फुकटात होतं.

ह्यावर एक हमखास प्रश्न येतो. "गावच्या तळ्यात कुठे फिल्टर असतो?" बरोबर, नसतो. जपानात निगाता भागातले शेतकरीसुद्धा उन्हाळ्यात कोई मातीच्या तळ्यांत वाढवतात. पण तिथे पाणी प्रचंड, मासे मोजके आणि तळाचा सगळा चिखल बॅक्टेरियांनी भरलेला. तो चिखल हाच त्यांचा फिल्टर. शरद ऋतूत तेच मासे सिमेंटच्या टाक्यांत आणले की तेही फिल्टर लावतात. आपण टाकीला ग्रॅनाइट लावलं आणि दाखला मात्र चिखलाचा देतोय.

दुसरा प्रश्न खर्चाचा. १०० वॉटचा पंप चोवीस तास चालवला तर महिन्याला ७२ युनिट. लॉबीतलं झुंबर ह्याहून जास्त खात असेल. कप्पे करायला प्लॅस्टिकचे मोठे ड्रम आणि प्लंबर पुरतो, इटालियन काही लागत नाही. अवघड आहे ते पुढचं: जास्तीचे पंधरा मासे मोठं तळं असलेल्या कुणाला तरी देणं, नवा फिल्टर तयार होईपर्यंत एकही नवा मासा न आणणं, खाद्य अगदी कमी ठेवणं आणि रोज अमोनिया-नायट्राइट मोजून वहीत लिहिणं. पाहुण्यांना दाखवायला तळं भरलेलं हवं असणाऱ्यांना हे दीड महिने झेपणार नाही. नसेल झेपत तर उरलेले कोईही देऊन टाका आणि कमळं लावा. डासांच्या अळ्या खायला चार गप्पी सोडा, निळे दिवे त्यांच्यावरही पडतील.